आळशी डोळा आणि व्हीईपी टेस्ट: बोलता न येणाऱ्या पोराची नजर मेंदूकडून मोजून मिळते काय?

सीमेवरचा मामा

नमस्कार मंडळी. बहिणीची मुलगी अडीच वर्षाची आहे, खानापूर तालुक्यात राहतात. डावा डोळा आत वळतोय म्हणून बेळगावात दाखवलं, थेंब घालून नंबर काढला तर डाव्याला प्लस पाच आणि उजव्याला प्लस दीड. चष्मा दिलाय आणि डावा डोळा आळशी असणार म्हणालेत, पण किती आळशी ते नक्की सांगता येईना कारण पोरीला अक्षरं येत नाहीत, चित्रं दाखवली की आईच्या पदरात तोंड लपवते आणि डोळा झाकला की रडून गोंधळ घालते. आता कुणीतरी भाओजींना सांगितलंय की व्हीईपी म्हणून टेस्ट असते, डोक्याला वायरी लावून डायरेक्ट मेंदूतून नजर मोजतात, ती करा म्हणजे शंकाच नको. तेव्हापासून घरात दोन मतं पडलीत. भाओजी म्हणायलेत टेस्ट झाल्याशिवाय चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची नाही, आणि आज्जी म्हणायलीय वायरी लावू देणार नाही, पोरीला शॉक बसेल. कुणी केलीय काय ही टेस्ट? खरंच त्यातनं नजर कळते काय? आणि तोवर थांबलं तर चालतंय काय?

नेत्रतपासनीस

मामा, पहिलं आज्जींना सांगा, शॉकचा प्रश्नच नाही. त्या वायरीतनं आत काहीच जात नाही, मेंदूत आपोआप जी अगदी बारीक वीज तयार होत असते तेवढी फक्त बाहेर येऊन मोजली जाते. ईसीजीत छातीवर जे करतात तेच इथं डोक्याच्या मागच्या बाजूला.

आता मूळ गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण यातच सगळं आहे. आळशी डोळा म्हणतो खरं आपण, पण बहुतेक वेळा त्या डोळ्याचा पडदा, बुबुळ, नस सगळं ठीक असतं. बिघाड असतो तो डोळ्याकडनं आलेलं चित्र वाचायला मेंदू शिकलेला नसतो यात. तुमच्या भाचीच्या डाव्या डोळ्याला प्लस पाच आहे म्हणजे जन्मल्यापासून त्या डोळ्यानं मेंदूला पुसट चित्रच पाठवलंय आणि उजव्यानं बऱ्यापैकी स्वच्छ, शिवाय डोळा आत वळल्यामुळं दोन्ही चित्रं जुळत नाहीत, मग मेंदू त्रास नको म्हणून डाव्याचं चित्र दाबून टाकतो. ह्युबेल आणि वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून बघितलं होतं, नंतर उघडला तरी मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देईनात, आणि तेच मोठ्या मांजराला केलं तर काही झालं नाही. म्हणजे लहानपणीचा एक काळ असा असतो की त्यात मेंदूची जोडणी पक्की होत असते. त्यांना १९८१ ला नोबेल मिळालं. पट्टी, चष्मा, सगळी घाई त्याच काळासाठी आहे.

बिघाड मेंदूच्या जोडणीत आहे तर मग मोजणीही मेंदूतच करावी, हा व्हीईपीमागचा विचार, आणि तो बरोबर आहे. पण भाओजींनी "टेस्ट झाल्याशिवाय पट्टी नको" असं जे धरलंय ते मला अजिबात पटत नाही, त्यावर नंतर लिहितो. आधी मला एक सांगा, पोरगी कुठला डोळा झाकला की रडते? कुठलाही झाकला तरी रडते की एकच ठराविक झाकला की?

सीमेवरचा मामा

बहिणीला फोन करून विचारलं. उजवा झाकला की हात ओढते, रडते, मान फिरवून बाजूनं बघायला जाते. डावा झाकला तर काही नाही म्हणे, खेळत राहते.

नेत्रतपासनीस

बघा, ही सुद्धा टेस्टच झाली की. चांगला डोळा झाकला की मूल विरोध करतं कारण त्याला दिसायचं बंद होतं, आणि कमजोर झाकला तर त्याला फरक पडत नाही. अक्षर नको, मशीन नको. आम्ही रोज हेच बघतो, शिवाय एकेक डोळा झाकून तो डोळा खेळण्यावर स्थिर राहतो काय, मधोमध राहतो काय, आणि झाकण काढल्यावर तसाच टिकतो की लगेच दुसऱ्याकडं जबाबदारी सोपवतो. एवढ्यावर आळशी डोळा आहे हे बऱ्याच खात्रीनं म्हणता येतंय. किती आहे हा आकडा मात्र यातनं निघत नाही, तुमच्या भाओजींना तो आकडा पाहिजे आहे.

ईईजीवाला

मी न्यूरोच्या विभागात ईईजी (मेंदूतल्या विजेची रेघ काढायची तपासणी) आणि व्हीईपी करतो, हुबळीकडं. टेस्ट प्रत्यक्षात कशी होते ते लिहितो म्हणजे घरच्यांची भीती जाईल.

मूल आईच्या मांडीवर. डोक्यावर तीन जागी छोट्या वाट्या पेस्टनं चिकटवायच्या, मुख्य वाटी मागं, कवटीला मागच्या बाजूला जो उंचवटा लागतो त्याच्या थोडं वर, कारण दृष्टीचा भाग तिथं आत आहे. एक पुढं टाळूच्या जरा अलीकडं आणि एक ग्राउंड. त्याआधी तिथली कातडी जेलनं हलकी घासावी लागते, मुलं तिथंच सगळ्यात जास्त कुरकुर करतात, दुखत नाही पण नको वाटतं. आणि एक हात जोडून विनंती, आदल्या दिवशी डोकं शाम्पूनं धुवा आणि तेल लावू नका. आपल्याकडं बाहेरगावी जायचं म्हटलं की आधी पोराच्या डोक्याला तेल चोपडून चापूनचोपून भांग पाडतात, आणि मग वाटी चिकटत नाही, सिग्नल येत नाही, घासून घासून पोरगं रडून हैराण होतं.

मग समोर एक मीटरवर स्क्रीन, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे, सेकंदाला साधारण दोनदा अदलाबदल. एकूण उजेड तेवढाच राहतो, फक्त नक्षी बदलते. प्रत्येक बदलाला मेंदू उत्तर देतो, आणि मोठ्या माणसात ते उत्तराचं शिखर १०० मिलिसेकंदाच्या आसपास येतं, म्हणून त्याला पी-१०० म्हणतात. लहान बाळात ते बरंच उशिरा येतं आणि पहिल्या वर्षात झपाट्यानं पुढं सरकतं, त्यामुळं बाळाचा रिपोर्ट मोठ्यांच्या तक्त्याशी लावून चालत नाही.

हे उत्तर असतं काही मायक्रोव्होल्टचं आणि मेंदूची बाकीची चळवळ त्याहून कितीतरी मोठी. शनिवारच्या बाजारात कुणीतरी दर अर्ध्या सेकंदाला तीच हाक मारायलंय असं समजा, एकदा ऐकून कळणार नाही, पण हाक कधी येणार ते ठाऊक असेल आणि पन्नास-शंभर वेळचा आवाज एकावर एक रचून सरासरी काढली तर गोंगाट एकमेकांत विरतो आणि हाक उरते. म्हणून कमीत कमी पन्नास उत्तरं तरी गोळा करायची, आणि तीच मोजणी परत एकदा करून दोन्ही रेघा जुळतात काय बघायचं. जुळल्या नाहीत तर त्या रिपोर्टला अर्थ नाही. मूल स्क्रीनकडं बघत नसेल तर मशीन थांबवायचं, मधोमध कार्टून दाखवायचं, खुळखुळा वाजवायचा, परत सुरू करायचं. अडीच वर्षाच्या पोरीत टेस्टचा निम्मा दर्जा टेक्निशियनच्या सबुरीवर असतो हे मी अनुभवानं सांगतो.

शहापूरची आई

ईईजीवाले दादा, तुम्ही हे लिहिलंत ते बरं झालं. आमच्या मुलाची टेस्ट झाली होती, रिपोर्टवर "नॉर्मल" लिहून आलं आणि आम्ही आनंदानं घरी आलो, पेढे वाटायचे बाकी होते. नंतर दुसऱ्या डोळ्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले की ही फ्लॅशची टेस्ट आहे, नक्षीची नाही, यावरनं आळशी डोळा नाही असं म्हणता येत नाही. कुठं केली होती ते लिहीत नाही, त्यांनी जे लिहून दिलं होतं तेच केलं असेल. पण फ्लॅश आणि नक्षी यात एवढा फरक काय ते मला आजवर कुणी नीट समजावलं नाही.

ईईजीवाला

ताई, फ्लॅश म्हणजे नुसता उजेडाचा झोत, डोळे मिटलेले असले तरी पापणीतनं जातो, म्हणून झोपलेल्या किंवा अजिबात बघत नसलेल्या बाळात तीच करता येते. उजेड मेंदूपर्यंत पोचला काय एवढंच त्यातनं कळतं. मोतिबिंदू झालेल्या बाळात मागची नस काम करतेय काय, डोक्याला मार लागलाय, बाळ कुणाकडं बघतच नाही, अशा ठिकाणी ती फार कामाची. पण आळशी डोळ्यात उजेड पोचतोच की, गोंधळ होतो तो बारकाव्यात. म्हणून आळशी डोळ्याचा फ्लॅश व्हीईपी पुष्कळदा चांगला येतो.

नक्षीच्या टेस्टमध्ये चौकोनांचा आकार बदलता येतो. स्टँडर्ड पद्धतीत दोन आकार आहेत, मोठा एक अंशाचा आणि छोटा पाव अंशाचा (अंश म्हणजे चौकोन डोळ्यापाशी केवढा कोन करतो ते). आळशी डोळ्यात मोठ्या चौकोनाला ठीकठाक उत्तर येतं आणि छोट्याला उत्तराच्या शिखराची उंची कमी भरते, कधी थोडा उशीरही होतो. आणि महत्त्वाचं, तक्त्यातल्या आकड्यापेक्षा त्याच मुलाच्या दोन डोळ्यांतला फरक बघायचा, कारण उंची माणसामाणसात खूप वेगळी असते, पण एकाच डोक्यावर एकाच दिवशी डावा आणि उजवा यांत मोठा फरक आला तर तो बोलका असतो.

येळ्ळूरचा मास्तर

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. मला वाटतं आपण या तंत्राची किंमत कमी करायलोय. चार्टवर मूल काय सांगतं ते त्याच्या मूडवर, लाजण्यावर, अक्षरओळखीवर आहे. आमच्याकडं पहिलीतलं मराठी माध्यमाचं पोरगं, त्याच्यापुढं कन्नड अक्षरांचा चार्ट धरला तर तो गप्प बसतो, मग लिहायचं काय, दिसत नाही की वाचता येत नाही? मेंदूच्या उत्तराला कन्नडही लागत नाही आणि मराठीही. मी स्वीप व्हीईपीबद्दल वाचलंय. त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जाड पासून बारीक होत जातात, सगळं मिळून दहाएक सेकंदात, आणि मेंदूचं उत्तर कुठल्या बारकाईला शून्यावर येतं तिथं नजरेची हद्द मानायची. १९७९ पासून टायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सुरू केलं आणि पुढं १९८५ मध्ये नॉर्शिया आणि टायलर यांनी बाळांवर मोजून दाखवलं की पहिल्या महिन्यात एका अंशात साधारण साडेचार पट्ट्यांच्या जोड्या आणि आठ महिन्यांपर्यंत वीसच्या आसपास. ६/६ म्हणजे पूर्ण चांगल्या नजरेला तीस जोड्या धरतात. महिन्याच्या बाळाची नजर आकड्यात! असं असताना प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात हे का नसावं? मला हे मनापासून वाटतं.

नेत्रतपासनीस

मास्तर, तुमचा चार्टचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे, त्यावर खाली वेगळं लिहितो. पण स्वीपच्या आकड्यावर मी एवढा भार टाकणार नाही, आणि का ते सांगतो, कारण इथं पालक फसण्याची शक्यता आहे.

पहिलं, तुम्ही दिलेला आकडा बरोबर आहे, पण त्याच वयाच्या बाळांना कार्ड दाखवून, म्हणजे एका बाजूला पट्ट्या आणि एका बाजूला साधा करडा रंग, बाळ कुठं बघतं ते टिपून मोजलं तर नजर बरीच कमी भरते. दोन्ही बरोबरच आहेत. व्हीईपी सांगतो की मेंदूतल्या दृष्टीच्या पहिल्या ठाण्यापर्यंत चित्र पोचलं, कार्ड सांगतं की पोचलेलं चित्र बाळानं वापरलं. वय वाढेल तसं हे अंतर कमी होतं.

दुसरं आणि मोठं. पट्ट्या बघणं आणि अक्षर ओळखणं हे आळशी डोळ्यात वेगवेगळं जातं, विशेषतः तिरळेपणातनं आलेल्या आळशी डोळ्यात. अशी मुलं आम्ही बघतो, पट्ट्यांवर दोन्ही डोळ्यांत थोडासाच फरक, आणि अक्षराच्या ओळीवर कमजोर डोळा ६/२४ ला अडकलेला, म्हणजे चांगला डोळा २४ मीटरवरनं वाचतो ते याला ६ मीटरवरनंच वाचता येतं. कारण या डोळ्याला एकटं अक्षर दिसतं पण शेजारी दुसरी अक्षरं आली की सगळी एकमेकांत मिसळतात, गर्दी सहन होत नाही त्याला. पुस्तक वाचायचं म्हणजे गर्दीच की ओ. तर पट्ट्यांवर घेतलेला व्हीईपीचा आकडा तिरळ्या मुलात दोष आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतो. भाओजींच्या हातात "फरक थोडाच" असा रिपोर्ट आला आणि त्यांनी पट्टी टाळली तर नुकसान पोरीचं.

येळ्ळूरचा मास्तर

हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला, धन्यवाद. पण मग रेषेतला बारीक सरकाव ओळखण्याची जी व्हर्नियर पद्धत आहे ती व्हीईपीत वापरतात असं वाचलंय, ती अक्षरांच्या नजरेच्या जास्त जवळ जाते ना?

नेत्रतपासनीस

जाते, आणि संशोधनात त्याचं फार चांगलं काम झालंय. दोन्ही डोळे एकत्र काम करतात काय, एक दुसऱ्याला किती दाबतो, हेही प्रत्येक डोळ्याला वेगळ्या वेगाची नक्षी दाखवून मेंदूच्या उत्तरातनं काढता येतं. मला स्वतःला यातच पुढं सगळ्यात जास्त आशा वाटते, कारण आळशी डोळ्याचं मूळ दोन डोळ्यांच्या भांडणात आहे. पण मामांना उद्या बेळगाव-हुबळीत जी मिळणार ती साधी चौकोनांची टेस्ट, म्हणून मी तेवढ्यापुरतं बोलायलोय.

निपाणीकर

मी सरळ विचारतो, राग मानू नका. पैसे खर्च करून, एक दिवसाची मजुरी बुडवून, पोरगं रडवून जी टेस्ट करायची तिच्यानं उपचार बदलणार आहे काय? बदलणार नसेल तर कशाला? चष्मा द्यायचा तो देणार, पट्टी लावायची ती लावणार.

नेत्रतपासनीस

निपाणीकर, हाच खरा प्रश्न आणि तो प्रत्येक पालकानं डॉक्टरांना असाच तोंडावर विचारावा. माझं उत्तर असं आहे की तीन-साडेतीन वर्षाच्या पुढचं मूल जे चित्र जुळवू शकतं त्याला फक्त आळशी डोळ्यासाठी व्हीईपीची गरज क्वचित पडते. घर, सफरचंद, गोल, चौकोन अशा आकारांचे लिया चार्ट असतात, हातात तेच आकार असलेलं कार्ड द्यायचं आणि "यातलं कुठलं ते दाखव" म्हणायचं. नाव घ्यायची गरज नाही, भाषेची गरज नाही. चार-पाच दिवस घरी खेळासारखा सराव केला तर लाजरं पोरगंही करतं.

व्हीईपी उपयोगी पडतो तो जिथं मूल अगदी लहान आहे, बोलत नाही, मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी आहे, नाहीतर जिथं चष्मा आणि पट्टी महिनोन्‌महिने नीट लावूनही नजर सुधारत नाही आणि शंका येते की नुसता आळशीपणा नाही, नसेचाच काही आजार आहे. १९७२ ला हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नसेला सूज येऊन गेली असेल तर हे उत्तर स्पष्ट उशिरा येतं, तेव्हापासून नसेच्या आजारात ही टेस्ट जगभर वापरतात. तसंच गोऱ्या केसांच्या, अतिगोऱ्या मुलांत, अल्बिनिझममध्ये, डोळ्याच्या नसा मेंदूत चुकीच्या बाजूला जातात ते व्हीईपीत दिसतं. आणि अगदी लहान बाळाचा जन्मजात मोतिबिंदू काढल्यावर चांगला डोळा जास्त वेळ झाकला तर तोच मागं पडण्याचा धोका असतो, तिथं दोन्ही डोळ्यांवर लक्ष ठेवायला व्हीईपीचा आधार होतो.

मामांच्या भाचीत? कारण स्पष्ट आहे, प्लस पाच आणि आत वळणं. डॉक्टरांना पडदा आणि नस व्यवस्थित दिसली असेल तर चष्मा आजपासून, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पट्टी. व्हीईपी करायची असेल तर करा, हरकत नाही, पण तिच्यासाठी उपचार थांबवू नका. माझं जे काय म्हणणं आहे ते एवढंच.

शहापूरची आई

नुसत्या चष्म्यानं फरक पडतो हे मला आधी खरं वाटलं नव्हतं.

नेत्रतपासनीस

पडतो की. दोन डोळ्यांच्या नंबरातल्या फरकामुळं आलेल्या आळशी डोळ्यावर अमेरिकेतल्या पीडिग या मुलांच्या डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या गटानं ३ ते ७ वयाच्या मुलांना आधी नुसता चष्मा देऊन बघितलं, ७७ टक्के मुलांत चार्टवर दोन किंवा जास्त ओळींची सुधारणा झाली आणि २७ टक्क्यांत तर आळशीपणा पूर्ण गेला. २००६ ची गोष्ट. म्हणून चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत, अभ्यासापुरता नाही. मग काही आठवड्यांनी परत बघून जे उरलं त्यासाठी पट्टी.

निपाणीकर

माझा मुलगा आठ वर्षाचा आहे, शाळेत तपासणी झाली तेव्हा कळलं की एक डोळा फारच कमी आहे. घरी कधी लक्षात आलं नाही कारण दुसऱ्या डोळ्यानं सगळं करतोय, क्रिकेट पण खेळतोय. आमच्या भागात सगळे म्हणतात आता वय गेलं, सहा-सात वर्षाच्या पुढं काही होत नाही. मग पट्टी लावून वर्गात पोराची चेष्टा कशाला करून घ्यायची?

नेत्रतपासनीस

दादा, वय गेलं नाही. हे ऐकून ऐकून किती पोरांचे डोळे सोडून दिले गेलेत आपल्या भागात, त्याचं मला फार वाईट वाटतं. त्याच पीडिग गटानं २००५ मध्ये ७ ते १७ वयावर अभ्यास छापला. ७ ते १२ वयात चष्मा, पट्टी, जवळचं काम आणि ॲट्रोपिन (चांगल्या डोळ्याची नजर तात्पुरती पुसट करणारे थेंब) दिलेल्या मुलांतली ५३ टक्के सुधारली, नुसता चष्मा दिलेल्यांत २५ टक्के. १३ च्या पुढं आधी कधीच उपचार न झालेल्या मुलांत सुद्धा फायदा दिसला. लहानपणी जेवढं लवकर आणि जेवढं जास्त सुधारतं तेवढं नाही होणार, पण दार बंद झालेलं नाही. आणि पट्टी दिवसभर लागते असंही नाही. २००३ च्या अभ्यासात मध्यम आळशी डोळ्याला रोज दोन तास आणि सहा तास यांत चार महिन्यांनी फरक निघाला नाही, तीव्र असेल तर सहा तास आणि जवळजवळ पूर्ण दिवस यांत फरक नाही. शाळेतनं आल्यावर घरी लावा की, चित्रं रंगवायला बसवा, कॅरम खेळा त्याच्याबरोबर. वर्गात कुणाला कळायचं कारण नाही. तास किती ते मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

पट्टी कातडीवर चिकटणारी घ्या, चष्म्याच्या काचेला फडकं लावलं तर पोरं वरनं डोकावून चांगल्या डोळ्यानंच बघतात. चिकटपट्टीनं पुरळ येत असेल तर चांगल्या डोळ्यात आठवड्याअखेर ॲट्रोपिनचे थेंब हाही मार्ग आहे, २००४ च्या अभ्यासात शनिवार-रविवारचे थेंब रोजच्या थेंबांएवढेच उपयोगी ठरले. ती बाटली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवा, ते विषारी औषध आहे.

खानापूरची ताई

मी अंगणवाडीत काम करते, जंगलाकडच्या वाड्यांवर. वरची सगळी चर्चा वाचली. आमच्याकडं व्हीईपी सोडा, साधा डोळ्याचा डॉक्टर गाठायचा म्हणजे खानापूरला यायचं, तिथनं बेळगाव, पावसाळ्यात तर एसटी पण धड येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, आरबीएसकेची टीम अंगणवाडीत वर्षातनं दोनदा आणि शाळेत एकदा येते, २०१३ पासून ही योजना आहे, जन्मापासून १८ वर्षापर्यंत, नजरेचा दोष त्यात धरलेला आहे. पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायची सोयही आहे. हे पालकांना माहीतच नसतं, त्या दिवशी पोरगं मामाच्या गावाला नाहीतर शेतावर. माझं सांगणं आहे की तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोराला पाठवाच.

तिरळा डोळा नशीबवान असतो, मोठं झालं की आपोआप सरळ होतो, हे मी दर महिन्याला ऐकते. आज्ज्या प्रेमानंच म्हणतात, भांडून उपयोग नाही. मी त्यांच्यासमोर पोराचा एकेक डोळा हातानं झाकून दाखवते, वर नेत्रतपासनीस दादांनी लिहिलंय तसंच. एक डोळा झाकल्यावर नातू तडफडतो आणि दुसरा झाकल्यावर हसतो हे आज्जीनं स्वतः बघितलं की तीच म्हणते, कधी न्यायचं सांग.

चार्टचं म्हणाल तर मास्तरांचं खरं आहे. अक्षरांऐवजी चार दिशांना फिरवलेला इंग्रजी ई असतो ना, तो वापरला की भाषेचा प्रश्न मिटतो, पोरानं फक्त बोटं कुठल्या दिशेला ते हातानं दाखवायचं. टीमकडं आग्रहानं मागा.

येळ्ळूरचा मास्तर

ताई, हे मी आमच्या शाळेत यंदा करणार. दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासलं जातं कधीकधी घाईत, तेव्हा एकेक डोळा नीट झाकतात काय याकडंही मी स्वतः उभा राहून लक्ष देईन. बोटांच्या फटीतनं बघतात पोरं.

सीमेवरचा मामा

सगळं प्रिंट काढून भाओजींना वाचायला दिलं. चष्मा लावायला त्यांची ना नव्हतीच, पट्टीबद्दल पुढच्या तपासणीत डॉक्टरांशी बोलणार आहेत. तरी व्हीईपी करून ठेवावी असं त्यांच्या मनात आहे, आणि एवढं वाचल्यावर मलाही वाटतं की आता एक आणि सहा महिन्यांनी एक केली तर सुधारणा तरी कळेल. फोनवर नेमकं काय विचारायचं ते ईईजीवाल्यांनी सांगावं.

ईईजीवाला

मामा, पहिला प्रश्न, नक्षीची म्हणजे पॅटर्न व्हीईपी करता की नुसती फ्लॅश. दुसरा, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी करता काय आणि छोट्या चौकोनांवर पण घेता काय. तिसरा, अडीच-तीन वर्षाच्या मुलांवर करायची सवय आहे काय, कारण बऱ्याच ठिकाणी मशीन मोठ्यांच्या न्यूरो तपासणीसाठीच असतं. नाही म्हणाले तर तिथं जाऊन फेरी फुकट घालवू नका, हुबळी, मिरज, कोल्हापूर, बंगळूर कुठंही जा पण हे विचारूनच जा.

जाताना चष्मा न्यायचाच आणि टेस्टच्या वेळी घालूनच करायची, कारण प्लस पाचचा डोळा चष्म्याशिवाय छोटे चौकोन पुसटच बघणार आणि रिपोर्ट उगाच वाईट येणार. त्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घातलेले नसावेत, आणि ॲट्रोपिन सुरू असेल तर त्याचा असर बरेच दिवस राहतो, आधी कळवा. पोरीची दुपारची झोप झालेली असावी, पोट भरलेलं असावं, आवडीचं खेळणं बरोबर. झोपेचं औषध देऊन पॅटर्न होत नाही, डोळे उघडे आणि स्क्रीनवर पाहिजेत. घरात कुणाला चमकत्या उजेडानं फिट येत असेल, किंवा पोरीला कधी फिट आली असेल तर टेक्निशियनला आधी सांगा.

सहा महिन्यांनी परत करायची तर त्याच ठिकाणी, त्याच मशीनवर, त्याच आकाराच्या चौकोनांवर करा, नाहीतर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून काही कळत नाही. आणि तोवर पोरगी तीन वर्षाची होईल, तेव्हा आकार जुळवायचा चार्टही त्याच दिवशी करून घ्या. दोन्हीत फरक आला तर चार्टवर विश्वास ठेवा, व्हीईपी करणारा माणूस म्हणून मीच हे सांगतोय.